साधे जेवण आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात निकालावर, इमारतीवर आणि फीवर बोलले जाते. हे विषय महत्त्वाचेच आहेत. पण यंदा चिटणीस साहेबांनी मला सांगितले की, "मास्तर, पालकांच्या रोजच्या उपयोगाचे काही बोला." मी विचार केला, रोजच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे जेवण. म्हणून आज मी जेवणावर बोलणार आहे. मंडपाच्या मागे देग चढली आहे, तिचा वास येथपर्यंत येतो आहे आणि मी साध्या जेवणावर बोलण्यास उभा आहे. हे धाडस केल्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

आणखी एक खुलासा करतो. मी आलिम नाही. बी. ए., बी. एड. झालेला मराठीचा शिक्षक आहे. दीनच्या मसल्यांत उलेमांनी सांगितलेलेच खरे मानावे. मी फक्त काही ऐकलेले, काही वाचलेले आणि काही स्वतः भोगलेले आपल्यापुढे ठेवणार आहे.

आरंभ आपल्या तालुक्यापासूनच करू. आपल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे गाव आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणू लागला. गाडगे म्हणजे मातीचे भांडे. तेच त्यांचे ताट, तेच पाणी पिण्याचे पात्र. डेबूजींच्या वडिलांना दारूने नेले, म्हणून त्यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे येथे मामाच्या घरी गेले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. त्यानंतर अर्धे शतक हा माणूस गावोगाव फिरला. गावात शिरले की हातात खराटा घ्यावा, रस्ते झाडावेत, नाल्या साफ कराव्यात आणि रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम होता. लोक पक्वान्नाचा आग्रह करीत. बाबा मात्र गाडग्यात भाकर आणि चटणी घेत आणि कोठेतरी बाजूला बसून खात.

याच माणसाच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये दिले. त्यातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची एक धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. एवढा पैसा हाताखालून गेला, पण बाबांचे गाडगे मातीचेच राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले. ज्याला शाळेची पायरी चढायला मिळाली नाही, त्याचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे. माझ्या बी. ए.च्या पदवीवर ते नाव छापलेले आहे. या मंडपातील कितीतरी मुलामुलींच्या पदवीवर ते उद्या छापले जाईल, इन्शाअल्लाह.

कोणी म्हणेल, मुसलमानांच्या संस्थेत गाडगेबाबा कशाला? माझे दादा पानमळ्यात मजुरी करीत. वेली बांधणे, पाने खुडणे, डाग लावणे हे त्यांचे काम. तरुणपणी त्यांनी मळ्यातल्या सोबत्यांबरोबर जाऊन बाबांचे कीर्तन ऐकले होते. त्यातले एक सांगणे ते आम्हां नातवंडांना वारंवार ऐकवीत. घरातली भांडी विकावी लागली तरी विका, भाकर हातावर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला. आणि कर्ज काढून सण व तेरवी करू नका. दादा स्वतः जन्मभर एका जर्मनच्या ताटलीत जेवले. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, कधी आंबाडीची भाजी, आणि जुम्म्याला जमले तर सालन. ते म्हणायचे, "ताट लहान असले की घर मोठे होते." लहानपणी मला याचा अर्थ कळत नव्हता.

बाबा देवापुढच्या पशुबळीच्या विरुद्ध बोलत. मांसाहाराविषयी आपली समजूत आणि आपला मजहब वेगळा आहे, आणि तो वाद आजचा विषय नाही. मला त्यांच्या ताटातील एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. त्यांनी स्वतःच्या तोंडातून जे वाचविले, ते दुसऱ्याच्या लेकराच्या हाती पोचविले. त्यांच्या साधेपणाला किंमत आली ती यामुळे.

आता आपल्या दीनकडे वळू. वर्षातून एक महिना अल्लाह तआला आपल्याला स्वतःच्या मर्जीने उपाशी राहण्याचा धडा देतो. घरात पाण्याचा माठ भरलेला असतो, कोणी पाहत नसते, तरी सात-आठ वर्षांचे पोरही रोजा असेल तर त्याला हात लावीत नाही. यापेक्षा मोठे शिक्षण कोणत्या शाळेत मिळते? परंतु मग्रिबच्या अजानीनंतर आपण काय करतो, तेही पाहिले पाहिजे. दिवसभर वाचविलेले एका तासात वसूल करतो. भजी, समोसे, शरबत, त्यावर जेवण. किराणा दुकानाची उधारी रमजानमध्ये कमी होण्याऐवजी वाढते. जो महिना पोट हलके करण्यासाठी आला, तोच पोट जड करून जातो.

हजरत मुहंमद (सल्ल.) यांची शिकवण आपण सर्वांनी ऐकली आहे. पाठ ताठ राहील इतके चार घास माणसाला पुरे आहेत. त्याहून अधिक खायचेच असेल तर पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा. खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, असा कुराण शरीफचा हुकूम आहे. एकाचे जेवण दोघांना पुरते, असेही हदीसमध्ये आले आहे. हजरत उमर (रजि.) खलिफा असताना हिजरी १८ साली अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. जमीन राखेसारखी झाली म्हणून त्या सालाला राखेचे साल म्हणतात. त्या काळात हजरत उमर यांनी ठरविले की, लोकांना पुरेसे मिळेपर्यंत तूप, दूध आणि मांस यांना हात लावायचा नाही. ते तेलाबरोबर भाकरी खात राहिले. त्यांचा रंग काळवंडला, पण दुष्काळ हटेपर्यंत त्यांनी शब्द मोडला नाही. बैतुलमालच्या किल्ल्या ज्याच्या हाती होत्या, त्याने हे केले. वास्तविक हा उपवास नव्हता. राज्यातल्या शेवटच्या माणसाच्या ताटाशी स्वतःचे ताट जोडून घेणे होते.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अल्लाहने जे हलाल केले ते आपल्यावर हराम करून घेऊ नका, असा कुराणात स्पष्ट इशारा आहे. काही सहाबींनी रोज रोजा ठेवण्याचा, रात्रभर न झोपण्याचा निश्चय केला, तेव्हा पैगंबर साहेबांनी त्यांना अडविले. मी रोजा ठेवतो आणि सोडतोही, नमाज पढतो आणि झोपतोही, असे त्यांनी सांगितले. तात्पर्य, इस्लामला उपासमार नको आणि उधळपट्टीही नको. मधला रस्ता हवा.

हे सर्व पुस्तकी झाले. आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला जड जाते. पण तिच्याविना आजचे बोलणे खोटे ठरेल.

मी नववीत होतो, तेव्हा दादांचे निधन झाले. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे छोटे दुकान होते. माझी आपा त्याच वर्षी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली होती. तिला शिक्षिका व्हायचे होते. डी. एड.ला तिचा नंबर लागला होता. फी आणि बाहेरगावी राहण्याचा पहिला खर्च म्हणून अब्बांनी दीड वर्ष पैसा-पैसा जोडून ठेवला होता. दादांचा चाळीसावा आला. नातेवाईक म्हणाले, इतक्या मोठ्या वयाचा माणूस गेला, सारा मोहल्ला जेवला पाहिजे; एका देगीत भागणार नाही. अब्बा आधी गप्प बसले, मग हो म्हणाले. तीन देगी चढल्या. बिर्याणी, दालचा, जर्दा. लोक पोटभर जेवले, दुआ देऊन गेले. आपाच्या फीची शेवटची तारीख त्याच आठवड्यात निघून गेली. जमविलेले पैसे संपले होते आणि वर थोडे कर्ज झाले होते.

आपा काही बोलली नाही. त्या रात्री तिने देगी घासायला मदत केली, एवढे मला आठवते. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. आज ती शिवणकाम करते, सुखात आहे, अलहमदुलिल्लाह. परंतु शाळेत दर पगाराच्या दिवशी मस्टरवर सही करताना मला वाटते की, या ओळीच्या वर आणखी एक सही असायला हवी होती.

आणि पाहा, ही दावत कोणाच्या नावाने झाली? जो माणूस जन्मभर जर्मनच्या ताटलीत जेवला आणि ज्याने आम्हांला सांगितले की भांडी विका पण शाळा सोडवू नका, त्याच्या नावाने! अब्बांना मी दोष देत नाही. मोहल्ल्याच्या बोलण्यापुढे गरीब माणसाची जीभ उचलत नाही. ईसाले सवाबसाठी भुकेल्याला जेवू घालणे हे पुण्याचेच काम आहे. पण आमच्याकडे त्या दिवशी जेवायला आलेल्यांपैकी भुकेले किती होते? जंगे मूताहमध्ये हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा पैगंबर साहेबांनी इतरांना सांगितले की, जाफरच्या घरच्यांसाठी तुम्ही जेवण तयार करा. ज्याच्या घरी दुःख आहे त्याला शेजाऱ्यांनी खाऊ घालावे, ही ती शिकवण होती. आपण ती उलटी करून टाकली.

नोकरी लागल्यावर अनेक वर्षे ही गोष्ट मी मनात दाबून ठेवली. एका रमजाननंतर मी ठरविले की, ईद झाली तरी रमजानचा काही अंश ताटात ठेवायचा. आपल्या विदर्भात सेवाग्रामला राहून गेलेल्या गांधीजींनी १९१५ साली हरिद्वारला व्रत घेतले होते की, चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खाणार नाही. ते मी वाचले होते. मी माझ्यापुरता सोपा नियम केला. एका जेवणाला भाकरीबरोबर एकच सालन किंवा एकच भाजी. मांस फक्त जुम्म्याला. चहा दिवसातून दोन वेळा, तोही घरचा. दावतीत एकदाच वाढून घ्यायचे. हा नियम मी एक वर्षासाठी केला. तो आजही चालू आहे, परंतु पहिल्या वर्षात माझ्याकडून ज्या चुका झाल्या, त्यांनीच मला खरे शिकविले. त्या चुका आपल्याला सांगतो.

पहिली चूक गर्वाची. दोन महिने झाले नाहीत तोच मी लोकांना सांगू लागलो की मी असे-असे करतो. एका लग्नात यजमानाने प्रेमाने ताटात वाढले, तर मी हात आडवा करून त्याला साधेपणावर व्याख्यान दिले. तो बिचारा कावराबावरा झाला. घरी आल्यावर अम्मी म्हणाली, "बेटा, तू भूक मारलीस, पण नफ्स तर फुगला." त्या दिवसापासून मी ठरविले की, दुसऱ्याच्या दस्तरख्वानावर जे येईल ते थोडे घेऊन शुक्र करायचे. नियम आपल्या घरी. इबादतीचे प्रदर्शन केले की ती इबादत राहत नाही.

दुसरी चूक घरच्यांना त्रास देण्याची. साधेपणा माझा आणि काम बायकोचे, असा प्रकार सुरू झाला. मुलांसाठी एक स्वयंपाक, माझ्यासाठी दुसरा. तिने काही दिवस सोसले, मग एके दिवशी शांतपणे विचारले, "तुमच्या सादगीसाठी मला दोन चुली पेटवाव्या लागतात, यात सवाब कोणाला मिळतो?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर आम्ही बसून ठरविले की, घरात जे शिजेल तेच सर्वांनी खायचे. मुलांना दूध, अंडी, फळ द्यायचे. मी माझ्या वाट्याचे कमी करायचे. साधे जेवण म्हणजे स्वयंपाकघरातले काम कमी झाले पाहिजे. वाढले तर काहीतरी चुकते आहे असे समजावे.

तिसरी चूक सर्वांत मोठी. मी नववीच्या वर्गावर मराठी शिकवितो. एके दिवशी पाठाच्या ओघात मी साधेपणाचे महत्त्व सांगू लागलो. कमी खावे, पोट हलके ठेवावे, वगैरे. मागच्या बाकावरील एक मुलगी टेबलावर डोके ठेवून झोपली होती. मी तिला उभे केले आणि रागावलो. ती म्हणाली, "सर, आमच्या घरी तर रोजच सादगी असते." वर्ग हसला. मी हसू शकलो नाही.

तास संपल्यावर चौकशी केली. ती सकाळी काही न खाता येत होती. आठवीपर्यंत शाळेतली खिचडी मिळत होती. सरकारी पोषण आहाराची योजना आठवीपर्यंतच आहे. नववीत पाऊल ठेवले की ताट बंद होते. भूक मात्र नववीत जास्त लागते, हे आपण सर्व आईबाप जाणतो. ते मूल पाचव्या तासाला झोपत नव्हते, पालकहो. ते उपाशी होते. आणि मी, पोट भरलेला माणूस, त्याला कमी खाण्याचे फायदे सांगत होतो.

त्या दिवशी मला दादांच्या वाक्याचा आणि गाडगेबाबांच्या गाडग्याचा अर्थ कळला. ज्याच्याजवळ आहे त्याने सोडले तर ती सादगी. ज्याच्याजवळ नाहीच, त्याची ती मजबुरी. गरिबाला साधेपणा शिकविण्याचा हक्क कोणालाच नाही. साधेपणा शिकावा तो खात्यापित्याने. आणि त्याने सोडलेले जोवर मजबुरीत असलेल्याच्या हाती जात नाही, तोवर त्याच्या सोडण्याला काटकसर म्हणा, फार तर पथ्य म्हणा, इबादत म्हणू नका.

त्यानंतर मी घरी एक रिकामा डबा ठेवला. हॉटेलातला चहा वाचला, त्याचे पैसे डब्यात. मांस एका दिवसाने कमी झाले, त्याचे पैसे डब्यात. एका वहीत हिशेब लिहू लागलो. महिन्याच्या शेवटी नऊशे-साडेनऊशे रुपये निघू लागले. माझा पगार काही फार मोठा नाही आणि माझे खाणेही आधी राजेशाही नव्हते; तरी एवढे निघाले. शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट फक्त दोघांना सांगितली. त्यांनी आणखी एक युक्ती काढली. प्रत्येकाने घरून दोन भाकरी आणि थोडी भाजी जास्त आणायची. मधल्या सुट्टीत नववी-दहावीच्या ज्या मुलांनी डबा आणला नसेल, त्यांनी काही कामाच्या निमित्ताने शिक्षकांच्या खोलीत यायचे आणि आमच्याबरोबर बसून जेवायचे. नाव लिहायचे नाही, फोटो काढायचा नाही, कोणाला विचारायचे नाही.

फार मोठे काम झाले असे मी म्हणत नाही. ती मुलगी दहावी पास झाली आणि आज अकरावीत शिकते आहे. त्याच वर्गातील एक मुलगा आमच्याकडून राहिला नाही. सहामाहीनंतर त्याने शाळा सोडली आणि कामाला परगावी गेला. त्याला भाकर देता आली, पण त्याच्या घरचे कर्ज आम्हांला फेडता आले नाही. ते कर्ज कशाचे होते हे मी विचारले, तेव्हा कळले की, त्यातला बराच भाग बहिणीच्या लग्नातील जेवणाचा होता. मला माझे घर आठवले.

म्हणून आज पालकांना हात जोडून काही विनंत्या करतो.

पहिली विनंती दावतीविषयी. लग्न, वलीमा, अकीका, चाळीसावा यांत जेवण जरूर द्या. वलीमा तर सुन्नत आहे. पण एक सालन, एक भात, एक गोड, एवढ्यावर थांबा. समजा चारशे माणसांच्या दावतीत आपण दोन पदार्थ कमी केले आणि एका पदार्थाला ताटामागे पंचवीस रुपये धरले, तर वीस हजार रुपये वाचतात. हे कोणाच्या घरी डी. एड.ची फी होऊ शकतात, कोणाच्या घरी वसतिगृहाचा खर्च. आणि ही सुरुवात गरिबाने करू नये. केली तर लोक त्याला कंजूष म्हणतील. सुरुवात मोहल्ल्यातील ऐपतदारांनी करावी. त्यांच्या दावतीत एकच सालन आले, तर दुसऱ्या दिवशी गरीब बापाची मान आपोआप सुटेल. ऐपतदारांच्या साधेपणात फार मोठे सदका आहे, कारण त्याने दुसऱ्याचे कर्ज वाचते.

दुसरी विनंती मुलींविषयी. साधे जेवण म्हणजे मुलींचे कमी जेवण नव्हे. अजून कितीतरी घरांत बाप आणि मुलगे आधी जेवतात आणि उरलेले आई व मुली खातात. याला साधेपणा म्हणू नका, हा अन्याय आहे. लहान मुले, गरोदर व दूध पाजणाऱ्या बाया, आजारी माणसे, मधुमेहाचे रोगी यांनी मनाने खाणे तोडू नये, डॉक्टरांना विचारावे. अल्लाहने फर्ज रोजामध्येही आजाऱ्याला आणि मुसाफिराला सवलत दिली आहे. आपण त्याहून कडक कशाला व्हावे? आपल्या वऱ्हाडचे साधे अन्न कमकस नाही. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, आंबाडी, मेथी, शेंगदाण्याची चटणी यांत अंगाला लागणारे पुष्कळ आहे. पाकिटातला तळलेला खाऊ महाग आहे आणि अंगालाही लागत नाही.

तिसरी विनंती विद्यार्थी मित्रांना. आपले अंजनगाव पानमळ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, पण आज पोरांच्या खिशात पान कमी आणि खर्रा जास्त सापडतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी तोंडे लाल-काळी होण्याचे थांबले नाही. खर्रा सोडणे याला मी साधेपणा म्हणणार नाही. ते विष थुंकून टाकणे आहे. ते आधी करा. मग घरी आईला सांगा की, आज एकच भाजी कर आणि तू आमच्याबरोबर बसून गरम खा. आपली ताटली स्वतः धुवा. ताटात घेतलेले टाकू नका. एवढे जरी केले तरी तुमची सुरुवात झाली.

चौथी विनंती सर्वांना आणि संस्थेलाही. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील होऊन गेले. गाडगेबाबांचे ते स्नेही. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले. मुलांच्या धान्यासाठी पैसे नसत, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही विकून मुलांना जेवू घातले. त्या संस्थेने मुष्टिफंड चालविला. बायांनी दळण-कांडण करताना एक मूठ धान्य बाजूला काढावे, आणि त्या मुठींतून मुलांची जेवणे व्हावीत. आपल्या चारशे-पाचशे घरांतून दर जुम्म्याला एक मूठ तुरीची डाळ, एक मूठ ज्वारी आली, तर नववी ते बारावीचे एकही मूल या शाळेत उपाशी बसणार नाही. मी चिटणीस साहेबांना विनंती करतो की, शाळेच्या व्हरांड्यात दोन कोठ्या ठेवाव्यात. एकीवर डाळ, दुसरीवर ज्वारी असे लिहावे. देणाऱ्याचे नाव कोठेही लिहू नये आणि घेणाऱ्याचेही लिहू नये.

लोक विचारतात, साधे खाल्ल्याने अल्लाहची जवळीक वाटते का? मी माझ्यापुरते सांगतो. पहिले काही आठवडे भूक, चिडचिड आणि बिर्याणीची आठवण, एवढेच वाटत होते. जेवण हलके झाले तशी फजरला उठणे सोपे झाले, हे खरे. पण मन खरोखर हलले ते शिक्षकांच्या खोलीत. एक पोर समोर बसून माझ्या घरची भाकर मोडत होते आणि माझ्या डब्यात त्या दिवशी दीडच भाकर उरली होती. त्या दीड भाकरीवर मी 'बिस्मिल्लाह' म्हटले, तेव्हा वाटले की, आजपर्यंत हा शब्द मी नुसता उच्चारत होतो.

मागच्या वर्षी माझ्या एका चुलत्याचे निधन झाले. चाळीसाव्याला पुन्हा तोच प्रश्न उठला. या वेळी अब्बा गप्प बसले नाहीत. ते म्हणाले, "एक देग होईल. ती वस्तीतल्या गरिबांना जाईल. बाकीच्या पैशात पोरीची फी भरली जाईल." काही लोक नाराज झाले, दोन घरे आलीच नाहीत. फी मात्र भरली गेली. पावती घेऊन अब्बा आपाकडे गेले होते. ते तिच्याजवळ काय बोलले, हे त्यांनी मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

दादांची ती जर्मनची ताटली अजून आमच्या घरी आहे. तिच्या कडा वाकल्या आहेत. मी तिच्यात जेवत नाही, कारण ते पुन्हा प्रदर्शन होईल. पण शाळेत डाळ-ज्वारीच्या कोठ्या आल्या, तर माप म्हणून ती तेथे आणून ठेवीन.

आता देग उतरली असेल. आज तरी प्रत्येकाने पोटभर जेवावे, एकदाच वाढून घ्यावे आणि ताटात काही टाकू नये, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो. माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल तर लहान भाऊ समजून माफ करावे. अल्लाह तआला आपल्या रोजीत बरकत देवो, आपल्या मुलामुलींना इल्म देवो आणि आपल्या दस्तरख्वानावर दुसऱ्यासाठी जागा ठेवण्याची तौफीक देवो. आमीन.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.

— सहाय्यक शिक्षक, बी. ए., बी. एड.
अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती